घर घेणारा परदेशी आणि घरात राहणारा परदेशी

नोव्हेंबर २०२५ मध्ये जपानच्या बांधकाम-वाहतूक मंत्रालयाने एक आकडा जाहीर केला. टोकियोच्या २३ वॉर्डांत २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत जे नवे फ्लॅट विकले गेले, त्यातले ३.५ टक्के परदेशात पत्ता असलेल्या लोकांनी घेतले, सगळ्यात जास्त तैवानमधून. टीव्हीवर, निवडणुकीच्या भाषणांत, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत महिनोन्‌महिने जे चाललं होतं ते ऐकून वाटलं असतं की हा आकडा ३० च्या पुढे असेल. मधल्या वॉर्डांत तो जास्त आहे हे खरं, पण तरी.

मला त्या आकड्यापेक्षा तो कसा मोजला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. मोजणी पत्त्यावरून झालीये, पासपोर्टवरून नाही, म्हणजे तैपेईत राहून शिंजुकूत फ्लॅट घेणारा जपानी माणूस त्यात आला आणि टोकियोतल्याच निशिकासाईत राहून तिथेच घर घेणारा पुण्याचा माणूस त्यात आलाच नाही. मंत्रालयाने हे मुद्दाम केलं की त्यांच्याकडे रजिस्ट्रीत तेवढीच माहिती होती म्हणून केलं हा भाग वेगळा, पण माझ्या मते नकळत का होईना रेष बरोबर जागी ओढली गेली, आणि पुढचे सगळे नियम याच रेषेवर व्हायला हवेत. कोण इथे राहतो आणि कोण फक्त पैसे ठेवतो. आता गंमत अशी की ही रेष सरकारने, बँकांनी पाळावी असं आपण जपानमधले भारतीय म्हणतो खरं, पण आपण स्वतःच ती रोज पुसत असतो, त्याबद्दलही बोलायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण भारतातल्या लोकांना हे ऐकून नेहमी आश्चर्य वाटतं. जपानमध्ये परदेशी माणसाला जमीन विकत घेता येते, भाडेपट्ट्याने नाही, कायमची मालकीची, अगदी पर्यटक म्हणून येऊन घेतली तरी. १९२५ चा एक कायदा आहे परदेशी लोकांच्या जमीनखरेदीवर बंधनं घालू देणारा, पण युद्धानंतर तो कुणी वापरलेला नाही. शिवाय १९९५ च्या जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा करारात बऱ्याच देशांनी जमिनीचा मुद्दा बाजूला काढून ठेवला, जपानने नाही ठेवला, त्यामुळे आता राष्ट्रीयत्व बघून बंदी घालणं अवघड होऊन बसलंय. २०२२ पासून लष्करी तळ, सीमेवरची बेटं यांच्या साधारण एक किलोमीटर परिसरातल्या जमिनीचा वापर तपासायचा कायदा लागू झालाय, आणि तोही मालक जपानी की परदेशी हे न बघता, वापर कसा होतोय ते बघतो. मला तो कायदा आवडतो, खरंच. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर वापर बघा, नाव कशाला बघता.

पण २०२५ च्या जुलैतल्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'जपानी फर्स्ट' म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाला चांगल्या जागा मिळाल्या आणि वारं फिरलं. त्याच महिन्यात चियोदा वॉर्डाने बिल्डरांच्या संघटनेला पत्र लिहून सांगितलं की पुनर्विकासातले नवे फ्लॅट पाच वर्षं परत विकू देऊ नका. ऑक्टोबरमध्ये ताकाइची पंतप्रधान झाल्या आणि परदेशी लोकांच्या जमीनखरेदीचे नियम हा सरकारी विषय झाला. लोकांचा राग समजण्यासारखा आहे हो. २०२३ मध्ये २३ वॉर्डांतल्या नव्या फ्लॅटची सरासरी किंमत ११ कोटी येनच्या पुढे गेली, साध्या नोकरदार जपानी जोडप्याने काय करायचं. येन पडलेला, मजुरी आणि सामान महाग, बिल्डर फक्त उंच लक्झरी टॉवर बांधणार, आणि श्रीमंत जपानी माणसं वारसाकर वाचवायला तेच टॉवरमधले फ्लॅट घेणार, ही सगळी कारणं आहेत, पण भाषणात सांगायला परदेशी खरेदीदार सोपा.

आणि या परदेशी शब्दात आपण सगळे आलो. २०२४ अखेर जपानमध्ये ३७ लाखांवर परदेशी नागरिक राहत होते, त्यात भारतीय ५० हजारांच्या वर. एदोगावा वॉर्डात, निशिकासाईत, ओजिमाकडे आपली भरपूर माणसं आहेत, २०१९ मध्ये तर आपल्यातलेच, म्हणजे आधीच जपानी नागरिक झालेले योगेंद्र पुराणिक तिथून नगरसेवक म्हणून निवडून आले. ही माणसं इथे टॅक्स भरतात, पेन्शन भरतात, पोरं इथल्या शाळेत जातात. त्यांनी घर घेणं आणि सिंगापूरच्या कुणा श्रीमंताने तीन फ्लॅट घेऊन दारं बंद करून ठेवणं यात काही फरक आहे की नाही?

घर का घेतात हेही बघा. गुंतवणूक वगैरे नंतर, पहिलं कारण भाड्याने मिळत नाही हे. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये परदेशी रहिवाशांचा सर्व्हे जाहीर केला होता, मागच्या पाच वर्षांत ज्यांनी घर शोधलं त्यातल्या ३९.३ टक्के लोकांना परदेशी आहात म्हणून नकार मिळाला होता. एजंट फार नम्रपणे सांगतो, घरमालकांना जरा काळजी वाटते. म्हणूनच आपली माणसं यूआर या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या कॉलन्यांत एकत्र दिसतात, तिथे जामीनदार लागत नाही, घरमालकाला द्यायची ती की-मनीची भेट लागत नाही, उत्पन्न दाखवलं की चावी मिळते. मग मुलं मोठी होतात, दोन खोल्या पुरेनाशा होतात, आणि माणूस म्हणतो की भाड्याने घर देत नाहीत तर विकत घेतो. विकत घेताना विकणारा काही विचारत नाही, पैसे दिसले की झालं. विचारते ती बँक.

बँकेचा पहिला प्रश्न पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासाचा परवाना, आहे का. बहुतेक मोठ्या बँकांना कायमचा रहिवास नाहीतर जपानी जोडीदार हवा असतो, आणि सरकारी पाठबळ असलेली, पूर्ण मुदतीला एकच व्याजदर देणारी फ्लॅट ३५ योजना तर पीआरशिवाय मिळतच नाही. पीआरला साधारण १० वर्षं लागतात, शिक्षण, पगार बघून देतात ते हाय स्किल्डचे ७० पॉइंट असतील तर ३ वर्षं, ८० असतील तर १. म्हणजे चांगल्या पगाराच्या आयटीवाल्याला वर्षभरानंतर पीआर मागता येतो, तो मिळाला की दोन आठवड्यांत कर्ज मंजूर, आणि नऊ वर्षं एकाच कारखान्यात इमाने काम करून एकदाही टॅक्स न चुकवलेल्या माणसाला थोडं थांबा. पीआरशिवाय कर्ज देणाऱ्या थोड्या बँका आहेत, त्या डाउन पेमेंट जास्त मागतात आणि व्याजही जास्त लावतात.

बँकेची बाजू अगदीच खोटी नाही. माणूस देश सोडून गेला तर वसुली कशी करायची हा प्रश्न आहेच, २०११ च्या भूकंपानंतर, फुकुशिमाच्या वेळी, किती परदेशी लोक बॅगा भरून निघून गेले हे इथे अजून लोकांच्या लक्षात आहे. पण पीआरवाला जाऊ शकत नाही असं थोडंच आहे, तो तर जास्त आरामात जाऊ शकतो. आणि घर तारण आहे, कर्जासोबत दान्शिन नावाचा विमा बहुतेक वेळा सक्तीचाच असतो, कर्जदार वारला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडते आणि घर बायकापोरांना मोकळं मिळतं. मग राहतो तो धोका एवढाच की माणूस ईएमआय भरेल का, आणि हे कळायला दहा वर्षांची टॅक्सची सर्टिफिकेटं आणि पगाराच्या नोंदी व्हिसाच्या शिक्क्यापेक्षा जास्त सांगतात. त्यात २०२४ मध्ये कायदा बदललाय, मुद्दाम टॅक्स किंवा सोशल इन्शुरन्स बुडवला तर पीआरही काढून घेता येईल, २०२७ पर्यंत ते लागू होणारे. म्हणजे ज्या कागदाला बँक कायमचा समजते तो तरी कुठे तितका कायमचा राहिला?

जपानचा टॅक्स कायदा मात्र याबाबतीत बँकेपेक्षा शहाणा निघाला. तुम्ही स्वतः राहायला घर घेतलं तर कर्जाच्या शिल्लक रकमेच्या ०.७ टक्के इतकी रक्कम दर वर्षी टॅक्समधून कमी होते, नव्या घराला १३ वर्षं. राहतं घर विकून नफा झाला तर पहिल्या ३ कोटी येनवर टॅक्स नाही. आणि पाच वर्षांच्या आत विकून टाकलेल्या मालमत्तेच्या नफ्यावर ३९.६३ टक्के, त्यानंतर २०.३१५. राहणाऱ्याला सवलत, झटपट विकणाऱ्याला दणका, आणि पासपोर्टचा रंग कुणी विचारत नाही. मी जी रेष म्हणतोय ती या कायद्यात कधीपासून आहे, तीच जरा ठळक करायची, नवीन काही शोधायला नको.

आता आपल्याकडे वळतो. पीआर हातात पडला की आपल्या लोकांच्या गप्पांचा सूर बदलतो, घर कुठे घ्यावं यावरून थेट किती कर्ज उचलता येईल यावर गाडी जाते. व्याज अर्ध्या टक्क्याच्या खाली होतं तेव्हा ही हवा इतकी डोक्यात गेली की विचारू नका, फुकटचा पैसा आहे, न घेणारा मूर्ख. मग ऑफिसात फोन येतो, आता इंग्रजीत बोलणारे एजंटही आहेत, वन-रूम फ्लॅट घ्या, डाउन पेमेंट शून्य, भाडेकरू आम्ही आणतो, टॅक्स वाचेल, विमा फुकट, म्हातारपणाची पेन्शन झाली समजा.

एकदा कागदावर मांडून बघा. धरून चालू फ्लॅट अडीच कोटी येनचा, पूर्ण कर्ज, २ टक्के, ३५ वर्षं. ईएमआय साधारण ८३ हजार. भाडं आलं ९० हजार, वा. पण सोसायटीचा मेंटेनन्स आणि दुरुस्ती फंड १२ हजार, भाडं गोळा करणाऱ्या कंपनीचे साडेचार हजार, मालमत्ता कर महिन्याला पाचेक हजार पडतो. म्हणजे भाडेकरू एक दिवसही न सोडून जाता दरमहा १४ हजार तुमच्या खिशातून. व्याज ३ टक्के झालं की ईएमआय ९६ हजार, म्हणजे अजून १३ हजार. आणि टॅक्स वाचतो तो कसा, तर तोटा होतोय म्हणून वाचतो, हे एजंट सांगत नाही.

आणि व्याज वाढतंय. २०१६ पासून उणे असलेला दर बँक ऑफ जपानने मार्च २०२४ मध्ये शून्याच्या वर आणला, जानेवारी २०२५ मध्ये अर्धा टक्का, डिसेंबरात पाऊण. राहत्या घराच्या बदलत्या व्याजाच्या कर्जात बऱ्याच बँकांचा पाच वर्षांचा नियम असतो, व्याज वाढलं तरी पाच वर्षं ईएमआय तोच, आणि नंतर वाढला तरी सव्वापटीच्या वर नाही. लोक यालाच संरक्षण समजतात. ईएमआय तोच राहतो पण त्यातला व्याजाचा वाटा वाढतो, मुद्दल कमी फिटतं, व्याज फारच वाढलं तर न भरलेलं व्याज साठत जातं आणि शेवटी एकदम मागतात. ज्याला त्याच घरात राहायचंय, ज्याचा पगार येनमध्ये आहे, तो हे झेलू शकतो, खर्च कमी करून, बायकोचा पगार धरून. तीन वन-रूम घेऊन बसलेला कसा झेलणार?

हे फक्त परदेशी लोकांचं वेड आहे असंही नाही. भोपळ्याची गाडी म्हणजे काबोचा नो बाशा नावाची शेअर हाउसची योजना आठवा, स्मार्ट डेज नावाच्या कंपनीने साध्या जपानी नोकरदारांना दहा-दहा कोटी येनची कर्जं काढून बायकांसाठीची शेअर हाउस घ्यायला लावली, भाड्याची गॅरंटी आमची म्हणून. जानेवारी २०१८ मध्ये भाडं बंद. चौकशीत निघालं की सुरुगा बँकेच्या कर्जांसाठी ग्राहकांची बँक शिल्लक दाखवणारे कागद खोटे बनवले होते आणि बँकेच्याच लोकांना ते माहीत होतं, ऑक्टोबर २०१८ मध्ये नियामकाने त्या बँकेची गुंतवणूक मालमत्तेची नवी कर्जं सहा महिन्यांसाठी बंद केली. ज्यांनी पाठपुरावा केला त्यातल्या शेकडो लोकांची कर्जं पुढे मालमत्ता परत घेऊन मिटवली गेली. ते जपानी होते, वकील, संघटना, वर्तमानपत्रं, सगळं त्यांच्या भाषेत. आपण त्या जागी असतो तर सही कुठल्या कागदावर केली हेच कळायला सहा महिने.

यापेक्षा मला खटकतं ते वेगळंच. राहत्या घराचं स्वस्त कर्ज घ्यायचं, दोन-तीन वर्षं राहायचं, आणि मग सिंगापूरला नाहीतर पुण्याला बदली झाली की बँकेला न कळवता भाड्याने देऊन टाकायचं. बदली झाल्यावर बँकेशी बोलून मार्ग निघतो, पण लोक बोलत नाहीत, आणि काही तर पहिल्या दिवसापासून भाड्यासाठीच घेतात. हा सरळ कराराचा भंग आहे, बँक सगळं कर्ज एकदम परत मागू शकते. २०१९ मध्ये फ्लॅट ३५ मध्ये असेच राहतो म्हणून कर्ज काढून भाड्याने दिलेले प्रकार उघड झाले होते. 'सगळेच करतात' हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय. मग पुढच्या परदेशी अर्जदाराकडे बँक संशयाने बघते तेव्हा त्याला वर्णद्वेष म्हणायचं, हे कसं चालेल? काही वेळा तो असतोही, नाही असं नाही. पण या बाबतीत संशयाला आपणच खतपाणी घातलंय.

आता दुसरं टोक, इथे कमवून तिकडे घेणं. हिंजवडी, वाकड, खराडी, नावं बदलतात, हिशोब तोच. एनआरआयला भारतात घर घेता येतं, शेतजमीन आणि फार्महाउस नाही. रुपयातलं कर्ज २०२४ मध्ये साडेआठ-नऊ टक्क्यांचं होतं, भाडं किमतीच्या दोन-तीन टक्के, आणि पगार येनमध्ये. २०२० मध्ये शंभर येनला ७० रुपये यायचे, २०२४ च्या जुलैत ५२. पन्नास हजार रुपयांचा ईएमआय आधी ७१-७२ हजार येनमध्ये निघायचा तो ९५ हजारांवर गेला. फ्लॅटची किंमत वाढली असेल, पण टोकियोत दर महिन्याला ईएमआय पाठवणाऱ्याला विचारा काय वाटलं ते.

आणि टॅक्स. जपानमध्ये गेल्या १० वर्षांतली ५ वर्षं पूर्ण झाली की तुमचं जगभरचं उत्पन्न इथे दाखवावं लागतं, पुण्याचं भाडंही, ५ कोटी येनच्या वर परदेशी मालमत्ता असेल तर वेगळा फॉर्म. पळवाटांचं म्हणाल तर जपानी श्रीमंतांनी एक जबरदस्त काढली होती, अमेरिकेतली जुनी लाकडी घरं घ्यायची, २२ वर्षांच्या वरचं लाकडी घर जपानी नियमाने चार वर्षांत घसारा काढून शून्य करता यायचं, तो कागदावरचा तोटा पगारातून वजा. २०२१ च्या उत्पन्नापासून सरकारने ते बंद केलं.

वारसाकराबद्दल तर कुणी बोलतच नाही. भारतात तो १९८५ पासून नाही म्हणून आपल्या डोक्यातच नसतो. जपानमध्ये १० ते ५५ टक्के. वर्क व्हिसावर गेल्या १५ वर्षांतली १० पेक्षा कमी वर्षं राहिलेल्याला भारतात असलेल्या आईवडिलांकडून मिळालेल्या तिकडच्या मालमत्तेवर तो लागत नाही, पण पीआर घेतला की लागतो, वडील आयुष्यात जपानला आलेले नसले तरी. सूट आहे ३ कोटी येन आणि प्रत्येक वारसामागे ६० लाख, म्हणजे आई आणि एक मुलगा असतील तर ४ कोटी २० लाख. कोथरूडचा साधा फ्लॅट त्यात बसेल. प्रभात रोडचा बंगला नाही बसणार. पीआर मिळाला म्हणून पेढे वाटताना हे कोण सांगणार.

मग तुम्ही म्हणाल की जपानने परदेशी लोकांना बंदी घातली तर आपल्याला तक्रार करायचा हक्क आहे का? अवघड प्रश्न आहे. पुण्यात बसलेला भारतीय उद्या होक्काइदोत जमीन घेऊ शकतो, टोकियोत बसलेला, भारतीय वंशाचा नसलेला जपानी माणूस पुण्यात एक वन बीएचके घेऊ शकत नाही. आणि महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या मराठी माणसालाही शेतजमीन घेता येत नाही. गोव्यात, सिंधुदुर्गात बाहेरचे पैसेवाले येऊन डोंगर विकत घेतात म्हणून आपण पोटतिडकीने बोलतो, आणि तेच आपण होक्काइदोतल्या निसेको या स्कीइंगच्या गावातलं बर्फाजवळचं घर 'किती स्वस्त आहे राव' म्हणून बघतो, जिथे आधी ऑस्ट्रेलियन आणि मग हाँगकाँग, सिंगापूरच्या पैशाने जमिनीचे भाव इतके चढले की तिथे हॉटेलात काम करणाऱ्याला राहायला जागा परवडत नाही. निसेकोच्या माणसाचा राग आणि सावंतवाडीच्या माणसाचा राग एकच आहे. मला दोन्ही बरोबर वाटतात.

म्हणूनच मी सरसकट बंदीच्या विरोधात असलो तरी नियमांच्या विरोधात नाही. कॅनडाने २०२३ पासून परदेशी खरेदीदारांना घरं घ्यायला बंदी केली, पण पीआर असलेल्यांना त्यातून वगळलं. सिंगापूरने परदेशी लोकांवर ६० टक्के जादा स्टॅम्प ड्युटी लावली पण तिथेही पीआरवाल्याला दर वेगळा. जपानने याच्या पुढे जावं, पीआरच्या शिक्क्यावरही न थांबता बघावं की माणूस इथे राहतो का, टॅक्स भरतो का, घर वापरात आहे का. देशात २०२३ च्या गणनेत ९० लाख घरं रिकामी होती, त्यातली बहुतेक जपानी मालकांचीच, आणि बरीचशी खेड्यात पडून असलेली, म्हाताऱ्यांची, वारसांनी न विचारलेली. क्योतोने रिकाम्या घरांवर वेगळा कर लावायचं ठरवलंय, तो येत्या काही वर्षांत लागू होईल. त्यात मालक कुठल्या देशाचा हा प्रश्नच नाही. टोकियोने तसा कर आणावा, झटपट विक्रीवरचा टॅक्स अजून वाढवावा, आणि बँकांना सांगावं की दहा वर्षं टॅक्स भरलेल्याचा अर्ज व्हिसा बघून परत पाठवू नका. उद्या मी घर रिकामं टाकून पुण्याला गेलो तर तो कर माझ्याकडूनही घ्या.